घरातलं दुसरं हृदय

सिल्वासाजवळच्या अथालच्या पुलाच्या अलीकडे भारती थांबली आणि तिचा नवरा उदय पुढे चालत राहिला. चार पावलांवर तो वळून बघेल असं तिला वाटलं होतं. तो वळला नाही. पांढरे बूट, कोपरात वाकवलेले हात, ताठ मान, डॉक्टरांनी शिकवला तसा श्वास नाकाने आत आणि तोंडाने बाहेर. कारखान्यातल्या बॉयलरबद्दल तिला काही सांगत होता तेसुद्धा त्याने थांबवलं नाही. तिच्या रिकाम्या जागेशी बोलत बोलत तो पूल चढला. भारती रस्त्याच्या कडेच्या दगडाला हात टेकून उभी होती. ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावी तसं छातीच्या मधोमध काहीतरी पिळलं जात होतं, आणि तो पीळ गळ्यातून वर चढून खालच्या दाढांच्या मुळांपर्यंत पोचला होता. दुखत होतं म्हणावं तर दुखत नव्हतं. आवळत होतं. नरोलीकडून धाग्याचे खोके भरलेला ट्रक आला, त्याची गरम धूळ अंगावर घेत ती नुसती उभी राहिली, आणि उभं राहिल्यावर ते आवळणं जसं आलं तसं, पायरी पायरीने, उतरून गेलं. मागे काही राहिलं नाही. राहिला तो राग. आपल्याला भीती वाटायला हवी होती, असं तिला त्या क्षणीसुद्धा वाटून गेलं; पण दूर पुलाच्या मध्यावर गेलेली ती पांढऱ्या बुटांची जोडी बघताना तिला फक्त राग आला, आणि तो इतका स्वच्छ होता की त्याचं तिलाच नवल वाटलं.

उदय परत आला तो मनगटावर बोटं ठेवून, स्वतःची नाडी मोजत. मोजून झाल्यावर त्याने विचारलं, चप्पल तुटली का. ती म्हणाली, चालताना छातीत काहीतरी होतं. गेले दोन-तीन महिने होतंय. चढावर होतं, थांबलं की जातं. उदयने तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं ते ती पुढे बरेच दिवस मनात उलटसुलट करून बघत राहिली. काळजी नव्हती ती. कुणी आपल्या खुर्चीत येऊन बसलं तर माणूस जसं बघतं, तसं काहीतरी होतं. मग तो म्हणाला, "पित्त असेल. सकाळी चहा घेतलास ना उपाशीपोटी."

पित्त. हा शब्द भारतीने आधी ऐकला होता. नाशिकला, माहेरच्या घरात, आईच्या खोलीत. आई पाट्यावर वाटायला बसली की मधेच हात थांबवायची आणि पदराचा बोळा करून छातीशी धरायची. मोठ्या काकू म्हणायच्या, पित्त आहे, आल्याचा रस घे. वडील म्हणायचे, तुझ्या आईचं सगळं मनावर असतं. शेवटच्या दिवशी आईला ओवा दिला, हिंग लावलं, रबराच्या पिशवीत गरम पाणी भरून छातीवर ठेवलं, आणि तीच पिशवी छातीवर असताना आई गेली. पाणी अजून कोमट होतं. भारती तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. पिशवी तिनेच उचलली होती, आणि मोरीत रिकामी करताना तिला वाटलं होतं की हे पाणी आईपेक्षा उशिरा गार होतंय. एवढंच. रडू नंतर आलं. घरात पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की पित्ताचं निमित्त झालं. वडिलांना मात्र पुढे जेव्हा छातीत कळ आली तेव्हा लगेच टॅक्सी आली होती, कार्डिओग्राम निघाला होता, आणि काका लोक व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. पुरुषाच्या छातीत हृदय असतं. बाईच्या छातीत पित्त असतं, नाहीतर मन.

सिल्वासाच्या या भाड्याच्या बंगल्यात तर हृदय एकच होतं, आणि ते उदयचं. ब्याण्णव सालच्या हिवाळ्यात मुंबईला त्याचं बायपास झालं तेव्हापासून घराचा सगळा कारभार त्या हृदयाच्या तालावर चालला होता. तेल त्याच्या हिशेबाने, मीठ त्याच्या हिशेबाने, रात्रीचं जेवण दिवेलागणीला. टीव्हीचा आवाज लहान. पुण्याला शिकणाऱ्या मधुराने फोनवर वाईट बातमी आधी आईला सांगायची, आईने ती गाळून बाबांना सांगायची. भारती इथल्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवत होती, ती नोकरी तिने त्या हिवाळ्यात तात्पुरती म्हणून सोडली आणि ते तात्पुरतं तीन वर्षं लांबलं. कुणी तिला सोड म्हटलं नव्हतं. कुणी नको सोडू असंही म्हटलं नव्हतं. जवळच्या सायली गावातल्या कारखान्यात उदय वाफ, पाणी आणि दाबाखालची हवा यांचा प्रमुख होता. यंत्रं धागा काढत होती आणि ती चालण्यासाठी जे जे नळ्यांतून वाहायला लागतं ते त्याच्या ताब्यात होतं. घरी आल्यावर तो शर्टाचं वरचं बटण काढून बसायचा आणि छातीवरच्या उभ्या व्रणावरून नकळत अंगठा फिरवायचा. पाहुणे आले की ऑपरेशनची गोष्ट निघायची. करवतीने हाड कसं कापलं, पायातली शीर कशी काढली, सर्जन काय म्हणाले. सांगताना त्याचा आवाज भारदस्त व्हायचा. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुठल्याच गोष्टीचा त्याला इतका अभिमान वाटलेला भारतीने पाहिला नव्हता, आणि तिने तो कधी मोडलाही नव्हता.

पुलाच्या त्या संध्याकाळनंतर तिने पहिलं काम केलं ते गावातल्या डॉक्टर पारडीवालांकडे एकटीने जायचं. पारडीवाला म्हातारे, प्रेमळ, अर्धं गुजराती आणि अर्धं मराठी बोलणारे. त्यांनी रक्तदाब बघितला, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, आणि घरात काय चाललंय ते विचारलं. साहेबांची तब्येत कशी आहे. मुलीचं लग्न कुठे जमतंय का. पाळी जायची वेळ झाली की बायकांना असं होतं, बेन, टेन्शन घ्यायचं नाही. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. भारतीने चिठ्ठी घडी करून परत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली की झोप तिला चांगली लागते. तिला चढ चढता येत नाही. पारडीवाला हसले. त्यांना राग आला नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

घरी सरुबाई पोळ्या लाटत होती. ती साक्रीकडची, नवरा सायलीला एका कारखान्यात लागला म्हणून इकडे आलेली. भारती ओट्याला टेकून उभी राहिली तशी सरुबाईने लाटणं थांबवलं. "बाई, तुम्ही बसी जावा," ती म्हणाली. "त्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना तुमचा रंगच उडी गेलता. मी साहेबांना सांगणार व्हती." का नाही सांगितलं, असं भारतीने विचारलं. सरुबाईने पोळी तव्यावर टाकली आणि सरळपणे सांगितलं, की साहेबांना टेन्शन द्यायचं नाही असं तुम्हीच सांगितलेलं ना. भारतीला हसू आलं. ते हसू तिने दाबलं नाही. आपणच बांधलेलं कुंपण किती पक्कं झालं होतं.

वापीला ट्रेडमिलची तपासणी होते हे तिला ठाऊक होतं, कारण उदयला दर वर्षी तिथेच नेत असत. या वेळी ती त्याला बरोबर घेऊन गेली, स्वतःसाठी. पट्टा सरकू लागला, मग त्याची चढण वाढली, आणि ओळखीची ती ओली चादर आली, पिळली गेली, दाढांपर्यंत पोचली. कागदावरची रेघ खाली उतरली. तिथल्या डॉक्टरने कागद उदयच्या हातात दिला आणि उदयलाच समजावलं, की बायकांच्या कार्डिओग्रामवर असं पुष्कळदा खोटं येतं, याच्यावरून काही ठरवता येत नाही. थोडं वजन कमी करा, थोडं मन रमवा. तो तिच्याविषयी बोलत होता आणि ती तिथेच, अंगाला चिकटलेल्या तारा स्वतःच काढत बसली होती. गाडीत उदय म्हणाला, बघ, खोटं आहे. त्याचा स्वर सुटकेचा होता. भारती खिडकीबाहेर बघत म्हणाली, की खोटं काय आहे ते बघायला ती मुंबईला जाणार आहे; तो आला तर ठीक, नाहीतर वापीहून गाडी तिला एकटीलाही मिळेल. तिचा आवाज चढला नव्हता. ड्रायव्हरने आरसा मात्र किंचित हलवला.

उदय आला. येणारच होता, ते हॉस्पिटल त्याचं होतं. ज्या हॉस्पिटलात त्याची छाती उघडली होती तिथे त्याला वॉर्डबॉयसुद्धा ओळखत होते, आणि सर्जनने त्याच्या पाठीवर थाप मारून, हा आमचा पहिल्या नंबरचा पेशंट, असं म्हटलं तेव्हा त्याच्या चालण्यात नवी उभारी आली. भारतीची अँजिओग्राफी झाली. जांघेतून नळी गेली, अंगभर एकदम ऊन पसरावं तसं गरम वाटलं, आणि शेजारच्या पडद्यावर काळ्या रेघांची एक वाळकी फांदी हलताना दिसली. हे आपलं, असं तिला वाटायला वेळ लागला. त्या फांदीला एका जागी चिमटा बसला होता. पुढच्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीला. आणखी एक लहान चिमटा दुसऱ्या, खालच्या बाजूच्या वाहिनीला. आणि तेवढ्यात सगळं उलटलं. पित्त गेलं, मन गेलं, वय गेलं. आता सगळ्यांनाच ती आजारी हवी होती. सर्जनने पेन्सिलीच्या टोकाने तो पुढचा चिमटा दाखवला आणि म्हणाला, असं ठेवून घरी जाणं म्हणजे खिशात बाँब घेऊन फिरणं; लवकर बायपास करून मोकळे व्हा. उदय ऐकत होता आणि मान हलवत होता. त्याच्या चेहऱ्यावरची पुलावरची ती परकी रेघ पुसली गेली होती. तिथे आता जवळीक होती, खरीखुरी, कितीतरी वर्षांनी दिसलेली. आणि रक्त थांबावं म्हणून जांघेवर वाळूची पिशवी ठेवून उताणी पडलेली भारती ती जवळीक बघत होती आणि तिला ती नको होती. तिच्या मनात आलं, हा मला त्याच्या गावात घेऊन निघाला आहे. त्याच्या गावात सगळ्यांच्या छातीवर एक उभी रेघ असते.

संध्याकाळी वाळूची पिशवी काढायला एक तरुण डॉक्टर आला. दाढी वाढलेली, बोलायला मोकळा. त्याने पट्टी नीट केली आणि तिने विचारलं म्हणून सांगितलं, की फिल्ममध्ये दिसते ती नळीची आतली रुंदी. अरुंद दिसली म्हणजे पलीकडच्या स्नायूला रक्त कमी पडतंच असं नाही. पुष्कळदा पडतं, पुष्कळदा नाही. थॅलियमची तपासणी केली तर ते समजतं. थोडं किरणोत्सर्गी द्रव्य शिरेत देतात, ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जातं, आणि जिथे रक्त पोचतं तिथे ते कॅमेऱ्यात उजळ दिसतं. भारती म्हणाली, म्हणजे आज नळी दिसली, रक्त दिसलं नाही. तो म्हणाला, तसंच म्हणा. सर फिल्मवरच ठरवतात. जाताना त्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला आणि सांगितलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला एक केंद्र आहे, तिथे डॉक्टर शानभाग म्हणून आहेत.

तारीख ठरली आहे हे तिला मधुराकडून कळलं. सिल्वासाला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला आणि मधुरा म्हणाली, "आई, ऑपरेशनच्या आधी दोन दिवस मी येते, बाबांनी सांगितलंय." भारतीने विचारलं, कुठल्या ऑपरेशनच्या. मग मधुरा हलकेच म्हणाली की बाबांनी हॉस्पिटलला फोन करून पुढच्या महिन्यातली तारीख घेतली, तुला माहीत असेल असं वाटलं. भारतीने रिसीव्हर ठेवला आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. बाहेर सरुबाई भांडी घासत होती; राखेचा घसघस आवाज येत होता. आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे आहोत आणि यजमानांनी आपल्या परतीचं तिकीट परस्पर काढलं आहे, असं तिला वाटलं. पण तिला शरीराच्या आत काही वेगळंही जाणवलं, आणि ते आवळणं नव्हतं. उलट होतं. जणू आत एक सैल पडलेली वस्तू जागेवर येऊन घट्ट बसली.

उदय कारखान्यातून आला, हात-पाय धुऊन खुर्चीत बसला, तेव्हा तिने त्याला सांगितलं की ती थॅलियम करून घेणार आहे आणि ते झाल्याशिवाय कुठल्याही तारखेला कुठेही येणार नाही. तो आधी समजुतीने बोलला. एवढे मोठे सर्जन, देशातले नावाजलेले, त्यांना कळत नाही आणि तुला कळतं का. मग तो तिच्या हट्टीपणाबद्दल बोलला, मग तिच्या आईबद्दल. तुझ्या आईचं कुणी वेळेवर केलं नाही म्हणून ती गेली, आणि आता तुझं कुणी वेळेवर करतंय तर तू आडवी येतेस. हे खरं होतं, आणि म्हणूनच ते तिला लागलं. मग तिने विचारलं, "तुमच्या प्लांटमध्ये एखादी लाइन आतून गंजून अरुंद झाली, तर तुम्ही लगेच कापता, की शेवटच्या मशीनला दाब किती मिळतोय ते आधी बघता?"

उदयचा अंगठा व्रणावर थांबला. या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. त्याच्या हाताखालच्या पोरसवदा इंजिनिअरांना तो हेच शिकवायचा. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्या वेळी हे कुणी बघितलं नाही. मग माझी छाती काय उगाच उघडली?"

आणि भारतीला कळलं की आपण पुलावर त्याच्या चेहऱ्यावर जे पाहिलं होतं ते काय होतं. खुर्ची हिरावली जाण्याची भीती नव्हती ती. खुर्चीखाली जमीन आहे की नाही, याची होती. तिच्यातली बायको, जी तीन वर्षं वाईट बातम्या गाळून देत होती, लगेच पुढे झाली आणि म्हणायला निघाली, की तुमचं वेगळं होतं हो, तुमचं करायलाच हवं होतं. वाक्य ओठांपर्यंत आलं. पण तिला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना असली वाक्यं या घरात फार बोलून झाली होती. आईच्या घरातही हीच बोलली गेली होती, प्रेमाने, पिशवीत गरम पाणी भरता भरता. ती म्हणाली, "मला माहीत नाही. माझंही माहीत नाही. म्हणून तर बघायचंय." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे तिने दोन्ही हात सिंकच्या काठावर दाबून धरले. आपण निर्दय झालो का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला, आणि उत्तराची वाट न बघता कुकर लावला.

शानभाग बाई तिच्यापेक्षा वयाने लहान होत्या. सुती साडीवर पांढरा कोट, बोलणं तुटक पण तिच्याकडे बघून. पुन्हा पट्टा, पुन्हा चढण. या वेळी हातात सुई आधीच लावून ठेवलेली होती, आणि आवळणं सुरू झालं की सांगायचं होतं. भारतीने आयुष्यात पहिल्यांदा त्या आवळण्याची वाट बघितली. ये, ती मनात म्हणाली, ये आता, या बाईंना दिसू दे. ते आलं. तिने हात वर केला, सुईतून थंडगार काहीतरी दंडाकडे सरकलं, पट्टा आणखी थोडा वेळ चालत राहिला आणि थांबला. मग अरुंद टेबलावर उताणं, हात डोक्यावर, आणि छातीभोवती एक जड, बोथट, लोखंडी तोंड थांबत थांबत फिरू लागलं. हलायचं नव्हतं. खांद्याला रग लागली, बोटं बधिर झाली. डोळे मिटले तर पाटा दिसायचा आणि पाट्यावर थांबलेला आईचा हात. म्हणून तिने डोळे उघडे ठेवले. आपल्या आत आता काहीतरी आहे जे बाहेर स्वतःहून सांगतंय, मी इथे पोचलो, इथेही पोचलो, इथे नाही पोचलो. कुणाच्या अंदाजावर नाही, कुणाच्या समजुतीवर नाही. आईच्या छातीवर हे यंत्र कुणी फिरवलं असतं तर. पण तेव्हा ते नव्हतं. नव्हतं, हे खरं. पण विचारणारंही कुणी नव्हतं, आणि विचारायला काही यंत्र लागत नाही.

दुपार बाकावर गेली. विश्रांतीनंतर पुन्हा तसेच फोटो काढायचे होते, म्हणजे श्रमाच्या वेळचं रक्त आणि स्वस्थ असतानाचं रक्त ताडून बघता येतं. उदय शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसला होता. एकदा त्याने विचारलं, दुखतंय का. फक्त एवढंच, पित्त नाही, चहा नाही, काही नाही. ती नाही म्हणाली, आणि तिला वाटलं की कदाचित हे त्याने तिला पहिल्यांदाच विचारलं.

शानभाग बाईंनी दोघांना आत बोलावलं. पडद्यावर रंगीत आकृत्यांच्या रांगा होत्या, काही घोड्याच्या नालेसारख्या, काही गोल कड्यासारख्या. वरच्या रांगेत श्रमाच्या वेळचं, खालच्या रांगेत विश्रांतीचं. जिथे रक्त भरपूर तिथे केशरी, पिवळं. कमी तिथे हिरवं, निळं. पुढची भिंत, जिच्या रक्तवाहिनीला तो मोठा चिमटा होता, जिच्यासाठी खिशात बाँब होता, ती दोन्ही रांगांत केशरी होती, काठोकाठ. तिथे रक्त पोचतंय, बाई म्हणाल्या, चालतानासुद्धा पोचतंय. मग त्यांनी बोट खालच्या भिंतीकडे नेलं. वरच्या रांगेत तिथे एक निळा डाग होता, बदामाच्या आकाराचा. खालच्या रांगेत त्याच जागी पिवळं भरून आलं होतं.

"हे तुमचं दुखणं," शानभाग बाई म्हणाल्या. "स्नायू जिवंत आहे. मेहनतीच्या वेळी त्याला कमी पडतं, थांबलात की मिळतं. जागा लहान आहे."

भारती त्या निळ्या डागाकडे बघत राहिली. तो तिच्याहून जुना होता, असं तिला वाटलं. तो नाशिकच्या खोलीतून आला होता, पदराच्या बोळ्याखालून, आल्याच्या रसाखालून, कोमट पिशवीखालून, आणि आज इथे, दिवसाउजेडी, रंगासकट उभा होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिने फक्त उदयला म्हटलं, "दिसतंय ना?" तो हो म्हणाला.

बाईंनी पुढचं सांगितलं. ऑपरेशनने आज फार काही जास्त मिळेल असं त्यांना दिसत नव्हतं. गोळ्या, रोजचं चालणं, आवळलं की जिभेखाली ठेवायची गोळी, आणि वर्षाने पुन्हा हीच तपासणी. गोळ्यांनी भागलं नाही तर ती खालची वाहिनी तेवढी आतून फुगा फुगवून रुंद करता येईल. मोठ्या वाहिनीवर लक्ष ठेवायचं, पण आज तिच्यासाठी छाती उघडायची गरज नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोला, त्यांचं मत वेगळं पडू शकेल. सर्जनचं मत पडलंच वेगळं. तो फोटोंकडे ओझरतं बघून म्हणाला की ही रंगीबेरंगी चित्रं त्याने खूप बघितली आहेत, आणि उद्या काही झालं तर जबाबदारी तुमची. भारती म्हणाली की जबाबदारी तिचीच आहे, आधीही तिचीच होती. सर्जनच्याच हॉस्पिटलातल्या एका शांत हृदयरोगतज्ज्ञाने मात्र फोटो दिव्यापुढे धरून सावकाश बघितले आणि गोळ्या लिहून दिल्या.

पण त्याआधी, शानभाग बाईंच्या खोलीतून निघताना, उदय दारात थबकला होता. त्याने विचारलं की ब्याण्णव साली त्याचं असं बघितलं असतं तर. विचारताना त्याने शर्टाच्या बटणाला हात लावला नाही. बाईंनी घाई केली नाही. त्या म्हणाल्या, त्या दिवशी तुमच्या स्नायूत रक्त किती होतं ते आज कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित ऑपरेशन लागलंच असतं, कदाचित नाही. आज तुम्ही बरे आहात, एवढं मी सांगू शकते. उदयने मान हलवली. परतीच्या वाटेवर चारोटीच्या पुढे तो गाडीत एकदाच बोलला. "ते न कळताच जगायचं आता," तो म्हणाला, तिला नव्हे, समोरच्या रस्त्याला. भारतीने त्याच्या हातावर हात ठेवला आणि त्याची समजूत काढली नाही. हे तिला फार अवघड गेलं. छातीतल्या त्या पिळापेक्षाही अवघड. पण त्याचा हात तिच्या हाताखालून निघून गेला नाही.

गोळ्या सुरू झाल्या. आवळणं लगेच गेलं नाही, विरळ झालं. पुढच्या वर्षीच्या तपासणीत तो निळा डाग जवळजवळ दिसेनासा होणार होता, आणि पुढे कितीतरी वर्षं पुढची भिंत केशरीच राहणार होती. पण हॉस्पिटलला फोन लावला त्या सकाळी हे तिला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी ऑपरेशनची तारीख तशीच उभी होती. उदय म्हणाला होता, तू रद्द कर, मला ते बोलणं जमायचं नाही. तो दिवाणखान्यात समोरच बसला होता. ओलं फडकं हातात घेऊन सरुबाई दारात उभी राहिली होती आणि पुसायचं विसरली होती. भारतीने नंबर फिरवला. बऱ्याच वेळाने एका कारकुनाने उचलला. तिने नाव सांगितलं, तारीख सांगितली, रद्द करायची आहे म्हणाली. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"कारण लिहावं लागतं," तो म्हणाला. "पेशंट एक्सपायर झाले का?"

त्याच्या स्वरात काही वाईट नव्हतं. दिवसभर तो हेच विचारत असणार.

"नाही," भारती म्हणाली. "पेशंटच बोलतेय."

तो गोंधळला. म्हणाला, मग साहेबांना फोन द्या ना मॅडम, तारीख त्यांनी घेतली आहे, त्यांचंच नाव आहे इथे. रिसीव्हरमधला आवाज खोलीभर ऐकू येत होता. उदयचा हात सवयीने अर्धा पुढे आला, आणि तिथेच राहिला.

"साहेबांना देणार नाही," भारती म्हणाली. "तुम्ही माझं नाव खोडा. तोवर मी थांबते."

आणि तो खोडेपर्यंत ती रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली.